झांकलेला हौदा आणि चार सायकली

ज्या घरांतील एखादा मुलगा, मुलगी, पुतण्या अगर भाची अमेरिकेंत नाहीं असें घर आमच्या वाचकवर्गांत आतां शोधूनच काढावें लागेल. तिकडून मुलें येतात, क्वचित् आम्ही म्हातारीं माणसें तिकडे जातों, आणि गेल्यावर तेथल्या संसाराच्या लहानमोठ्या प्रश्नांत आपलें डोकें घालतों. हें सर्वांनाच आवडतें असें नाहीं. परंतु एका प्रश्नांत डोकें घालणें आम्हांस भागच पडलें, कारण त्यांतील चूक आमची होती. त्या चुकीची हकीकत, आणि तिच्यामुळें जें थोडें शहाणपण आलें तें, येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. विषय दिसावयास क्षुल्लक आहे: पिकप ट्रकच्या हौद्यावर झांकण बसविलेलें असतां सायकली नेण्यासाठीं कोणता रॅक घ्यावा? पण ताशीं शंभर किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीवरून जी वस्तु सुटते ती क्षुल्लक राहत नाहीं.

आमची मुलगी व जावई कोलोरॅडो राज्यांत डेन्व्हर शहराच्या एका उपनगरांत राहतात. त्यांच्या दारीं मोटारीऐवजीं पिकप ट्रक आहे. आपल्याकडे पिकप म्हटला कीं भाजीच्या पाट्या आणि सिमेंटचीं पोतीं डोळ्यांपुढें येतात. इसुझु, टोयोटा यांचे घरगुती पिकप भारतांतहि विकले जातात खरे, पण ते अजून विरळा. तिकडे मात्र डॉक्टर, शिक्षक, कारकून असे सर्वजण तें वाहन घरासाठीं वापरतात. फोर्ड कंपनीनें कारखान्यांतूनच तयार करून दिलेला आपला पहिला पिकप सन १९२५ मध्यें विक्रीस आणला. तेव्हां तो शेतकऱ्याचा सोबती होता. आतां पुढें चार दारांची ऐसपैस खोली व मागें साडेपांच, साडेसहा किंवा आठ फूट लांबीचा उघडा हौदा, असें त्याचें रूप झालें आहे. जावयांच्या गाडीचा हौदा साडेपांच फुटांचा आहे.

उघड्या हौद्यांतील सामान पावसानें भिजतें, बर्फाखालीं गाडलें जातें आणि चोराच्या नजरेस पडतें. म्हणून त्यावर सपाट झांकण बसवितात. तिकडे त्यास ‘टोनो कव्हर’ म्हणतात. टोनो हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ पिंप. हें झांकण चार जातींचें असतें. एक चटईप्रमाणें गुंडाळतां येणारें मऊ. दुसरें पत्र्याच्या कठीण फळ्यांचें, घडी होणारें. तिसरें एकसंध, पेटीच्या झांकणासारखें बिजागरीवर उघडणारें. आणि चौथें दुकानाच्या शटरप्रमाणें सरकून एका डब्यांत जाणारें. जावयांचें झांकण दुसऱ्या जातीचें, तीन घड्यांचें. ही जात ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सारा प्रश्न तिच्यावर अवलंबून आहे.

घरांत सायकली चार. जावयांची वांकड्या मुठींची हलकी, मुलीची साधी, बारा वर्षांच्या नातवाची लहान, आणि चौथी विजेच्या साहाय्यानें चालणारी. ही चौथी आमच्या सौभाग्यवतींसाठीं मुद्दाम घेतलेली. पुण्यांत त्या शाळकरी वयांत सायकलवरूनच शाळेंत जात. चाळीस वर्षांहून अधिक काळानंतर त्यांनीं पुन्हां पायडलवर पाय ठेवला याचा आनंद घरांत सर्वांसच झाला होता.

त्या वेळीं सायकली नेण्याची सोय म्हणजे फाळक्यावर टाकावयाची एक जाड गादी. हौद्याचें जें मागचें दार खालीं पडतें, त्यास आपले ट्रकवाले फाळका म्हणतात. घोड्याच्या पाठीवर खोगीर टाकावें तशी ही गादी त्यावर टाकून पट्ट्यांनीं आवळतात. सायकलचें पुढचें चाक बाहेर लोंबतें, मागचें हौद्यांत राहतें, आणि सांगाड्याची खालची दांडी गादीवर टेकवून लहानशा पट्ट्यानें बांधतात.

सन २०२४ च्या जूनमध्यें आम्ही सर्वजण ग्लेनवुड कॅन्यन पाहावयास निघालों. डेन्व्हरपासून हें ठिकाण सुमारें २५० किलोमीटर. कोलोरॅडो नदीच्या कांठानें, उंच कड्यांच्या पायथ्याशीं तेथें सायकलींसाठीं स्वतंत्र रस्ता बांधलेला आहे. सायकली बांधण्याचें काम आम्हीं हौसेनें अंगावर घेतलें. सन १९८२ मध्यें नोकरीच्या गांवीं जातांना आम्हीं आपली सायकल एस. टी.च्या टपावर काथ्याच्या दोरीनें बांधून नेली होती; तेव्हां या कामांत आम्हांस कोणी शिकवावें असें कांहीं उरलें आहे, असें आम्हांस वाटलेंच नाहीं. नातवाच्या सायकलची दांडी लहान, ती गादीवर नीट बसेना. आम्हीं ती तिरपी ठेवून पट्टा ओढला, एकदां हालवून पाहिली आणि “घट्ट आहे” असा निर्वाळा दिला. वाटेंत चहासाठीं थांबलों असतां मुलगी म्हणाली, “बाबा, पट्टे एकदा परत बघायचे का?” आम्हीं उत्तर दिलें, “अगं, मी बांधलेत ते.”

त्या मार्गावर आयसेनहॉवर बोगदा लागतो. तो समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे, आणि त्यांतून पश्चिमेकडे बाहेर पडलें कीं मोठा उतार सुरू होतो. त्या उतारावर मागच्या मोटारीनें एकसारखा भोंगा वाजविण्यास सुरुवात केली. जावयांनीं आरशांत पाहिलें तों नातवाची सायकल एका पट्ट्याला लोंबकळत होती. गाडी कडेला घेण्यापूर्वींच ती सुटली, रस्त्यावर आपटली आणि घसरत कठड्याला जाऊन लागली. मागच्या मोटारवाल्यानें प्रसंगावधान राखून आपली गाडी वळविली. त्यानें तसें केलें नसतें तर काय झालें असतें तें लिहवत नाहीं. कोणासहि इजा झाली नाहीं. जावई कांहीं बोलले नाहींत. नातू मात्र पुन्हां गाडींत बसल्यावर हळूच म्हणाला, “आजोबा, त्यांच्या गाडीत मागे बाळाची खुर्ची होती.”

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. परत आल्यावर तीन रविवार आम्ही जेवणाच्या टेबलाशीं कागद, पेन्सिल व मोजपट्टी घेऊन बसलों. आम्ही कांहीं इंजिनियर नव्हों. पण न्यायशास्त्रज्ञ पंडिताची एक जुनी गोष्ट आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें सांगत आलों आहों. तुपानें भरलेलें भांडें घेऊन चालतां चालतां पंडितास शंका आली: भांडें तुपाला आधार आहे कीं तूप भांड्याला? प्रयोगानें निर्णय करावा म्हणून त्यानें भांडें उपडें केलें, आणि तूप धुळींत गेलें. मुलें हंसत, आम्हीहि हंसत असूं. आमचीहि गत निराळी झाली नव्हती. कोणत्या वस्तूचा भार शेवटीं कशावर येऊन टेकतो, हा आधार-आधेयाचा विचार न करतां आम्हीं पट्टा ओढला होता. म्हणून या वेळीं प्रत्येक रॅकला आम्हीं एकच प्रश्न प्रथम विचारला: तुझा भार कोठें जातो?

आरंभीं त्या गादीचाच विचार करूं. ती स्वस्त आहे, आणि मोठ्या माणसांच्या सायकली तीवर नीट बांधल्या असतां बहुत लोक ती निर्धास्त वापरतात. दोष आहे तो झांकणाच्या गाडीवर तिचा उपयोग करण्यांत. सायकलचा मागचा अर्धा भाग हौद्यांत राहत असल्यामुळें झांकणाची निदान मागची घडी उघडी ठेवावी लागते. मग पाऊस आंत येतो, सामान उघडें पडतें, आणि ज्यासाठीं झांकण घेतलें तो हेतूच नाहींसा होतो. झांकण मिटूं गेल्यास गादीची जाडी आड येते व कडेचें रबर दबून फांक राहते. शिवाय लहान सायकल गादीवर टेकत नाहीं, हें आम्हीं अनुभवानें शिकलों; आणि विजेच्या सायकलची बॅटरी पुष्कळदां त्याच खालच्या दांडीवर असते, म्हणजे पट्टा दांडीवर न बसतां बॅटरीवर बसतो.

हौद्याच्या आंत सायकल उभी करण्यासाठीं दांडीचे रॅक मिळतात. परंतु हौद्याची खोली वीस-बावीस इंच आणि उभ्या सायकलची उंची चाळीस इंचांच्या आसपास. तेव्हां झांकण मिटून सायकल उभी ठेवणें शक्य नाहीं, हें मोजपट्टीनें एका मिनिटांत सिद्ध झालें.

जावयांचा कल तिसऱ्या प्रकाराकडे होता. यांत झांकणाच्या वर दोन आडव्या दांड्या बसवून त्यांवर, मोटारीच्या टपावर ठेवतात तशा, सायकली उभ्या करतात. फाळका मोकळा राहतो, क्रमांकाची पाटी व दिवे झांकले जात नाहींत, आणि आंतलें सामान कुलुपांत राहतें. ते म्हणाले, “बाबा, झाकणावर किती भार चालतो तो आकडा पेटीवरच छापलाय. चार सायकली त्याच्या आतच बसतात.” आंकडा खरा होता, पण तो कोणत्या भाराचा? बर्फाचा थर सगळ्या झांकणावर सारखा पसरतो आणि स्वस्थ बसून राहतो. सायकलींच्या दांड्या चार ठिकाणीं टेकतात, आणि प्रत्येक वळणाला व प्रत्येक खड्ड्याला तेथें हिसका देतात. वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा दाब चौपट होतो, तो भार निराळाच. उभ्या गाडीवरील भार व धांवत्या गाडीवरील भार यांचे आंकडे निरनिराळे असतात, आणि पाहावयाचा तो धांवत्या गाडीचा.

या प्रकारचे चांगले रॅक झांकणावर मुळीं टेकतच नाहींत. हौद्याच्या दोन्ही भिंतींवर रुळासारख्या पट्ट्या असतात, त्यांत टी या इंग्रजी अक्षराच्या आकाराची खांच असते, आणि दांड्यांचे पाय त्या खांचेंत अडकतात. भार भिंतींवर जातो, झांकण केवळ मध्यें पडून राहतें. अशा खांचा कांहीं सरकत्या व कांहीं घडीच्या झांकणांना जन्मतःच असतात. ज्यांना नसतात त्यांच्या बाबतींत झांकणाचे चिमटे व रॅकचे चिमटे एकाच कांठासाठीं भांडतात. आमच्या झांकणाला खांच नव्हती. शिवाय घडीचें झांकण वरील दांड्यांच्या खालून उघडत नाहीं. सरकतें मात्र उघडतें. म्हणून ज्यांना हा प्रकार हवा असेल त्यांनीं झांकण आणि रॅक एकमेकांस जुळतात असें दोन्ही कर्त्यांच्या लेखीं सूचनांत पाहून जोडीनेंच घ्यावे. झांकण आधीं व रॅक मागाहून हा क्रम महागांत पडतो.

याहूनहि मोठी अडचण उंचीची. हौद्याचा कांठ जमिनीपासून सुमारें साडेचार फूट. विजेची सायकल पंचवीस किलोची. ती तितक्या उंचीवर चढवणार कोण? मुलीची कंबर दुखते, सौभाग्यवतींचें वय साठीचें, आणि जावई प्रत्येक वेळीं बरोबर असतीलच असें नाहीं. त्यांतून वर उभ्या सायकलसह गाडीची उंची आठ फूट होते, आणि तिकडील घरांच्या गॅरेजचें दार बहुधा सात फुटांचें. थकून घरीं आलेला माणूस वरच्या सायकली विसरून गाडी आंत घालतो, आणि सायकल, झांकण व दार तिन्ही एकदम मोडतात.

राहिला चौथा प्रकार. गाडीच्या मागें खालीं सांगाड्यास जोडलेला एक चौकोनी पोलादी नळा असतो, त्यास हिच म्हणतात. पिकपला हा नळा सामान्यतः दोन इंचांचा असतो. लहान मोटारींना सव्वा इंचाचा. या नळ्यांत रॅक घालून खीळ मारतात. भार थेट गाडीच्या सांगाड्यावर जातो. झांकणाचा, फाळक्याचा व हौद्याच्या कांठाचा त्याशीं संबंध येत नाहीं. यांतहि दोन पोटजाती आहेत. एकींत सायकली दांडीला टांगतात. त्या एकमेकींवर आपटतात, आणि लहान किंवा चमत्कारिक आकाराची सायकल तेथेंहि नीट बसत नाहीं. दुसरींत चाकें पन्हळींत ठेवून वरून एक आंकडा चाकावर दाबतात. सांगाड्यास हात लागत नाहीं. सायकल गुडघ्याच्या उंचीपर्यंतच उचलावी लागते, आणि पन्हळीस जोडण्याची उतरती पट्टी घेतल्यास जड सायकल ढकलत वर चढवितां येते.

याचे दोषहि सांगितले पाहिजेत. पहिला फाळक्याचा. तो खालीं पडतांना रॅकवर आपटतो. रॅक मागें कलतो खरा, पण कलल्यावरहि प्रत्येक गाडीचा फाळका मोकळा होतोच असें नाहीं. म्हणून फाळका खालीं पाडून, हिचच्या खिळीच्या भोंकापासून फाळक्याच्या कडेपर्यंतचें अंतर मोजून मगच दुकानांत जावें. दाराप्रमाणें बाजूला वळणारे रॅकहि मिळतात. ते सोयीचे, पण जड व महाग. नळा लांबविणारा जोड मिळतो. तो शक्य तों टाळावा. भरलेली बादली अंगाशीं धरणें आणि हात लांब करून धरणें यांतील भेद सर्वांस ठाऊक आहे. जोडानें हात लांब होतो आणि नळ्याची शक्ति घटते.

हाच नियम सायकलींच्या क्रमाला लागू. गणित सोपें आहे. पहिली पन्हळ नळ्यापासून एक फूट, दुसरी पावणेदोन फूट, तिसरी अडीच फूट अंतरावर धरा. पंचवीस किलोची सायकल पहिल्या पन्हळींत, चौदाची दुसऱ्या व अकराची तिसऱ्या पन्हळींत ठेवल्यास ओढीची बेरीज ७७ येते. क्रम उलटा केल्यास तीच बेरीज ९८ होते. वजन एक ग्रॅमहि वाढलें नाहीं, तरी नळ्यावरील ताण सव्वापट झाला. म्हणून जड सायकल नेहमीं गाडीजवळ, बॅटरी काढून. प्रत्येक पन्हळीची स्वतंत्र मर्यादा असते, आणि जादा पन्हळी जोडल्यावर ती पुष्कळदां कमी होते, हेंहि वाचून पाहावें.

दुसरा दोष दृष्टीचा. मे २०१८ पासून अमेरिकेंत नव्या मोटारींना मागें पाहण्याचा कॅमेरा सक्तीचा आहे. पिकपमध्यें तो फाळक्यावर असतो आणि सायकलींनीं झांकला जातो. गाडी मागें घेतांना एका माणसानें खालीं उतरून उभें राहावें. क्रमांकाची पाटी झांकल्यास बहुतेक राज्यांत दंड होऊं शकतो. आपल्या राज्याचा नियम पाहून पाटी धरणारा जोड घ्यावा. धुराची नळी सायकलच्या टायरकडे तोंड करून नाहीं ना, हेंहि पाहावें, कारण उष्ण धुरानें रबर वितळतें.

तिसऱ्या रविवारीं चार पन्हळींच्या रॅकचा विचार चालला असतां सौभाग्यवती पोळ्या लाटतां लाटतां म्हणाल्या, “चारही बाहेरच कशाला? एक आत निजवा ना. झाकण कशाला घेतलंय मग?” आम्ही व जावई एकमेकांकडे पाहूं लागलों. त्यांच्या सायकलच्या मुठी अरुंद. पुढचें चाक काढून, सतरंजी अंथरून, सांखळीची बाजू वर करून ती हौद्यांत आडवी निजविली, झांकण मिटलें, आणि तें पूर्ण बसलें. घरांतील सर्वांत महाग सायकल कुलुपांत गेली. शेजारीं दोन बॅगांना जागा उरली. बाहेर तीनच राहिल्या. त्याच आठवड्यांत दोन पन्हळींचा, तिसरी जोडतां येणारा रॅक घेतला. मुलीनें एकटीनें तिन्ही सायकली चढवून दाखविल्यावरच आम्हीं तो पसंत केला. घरांतील सर्वांत दुबळ्या हातांस जें जमतें तेंच त्या घराचें खरें साधन, असें आमचें मत झालें आहे.

आमच्या वाचकांची मुलेंबाळें तिकडे असतील तर त्यांना एवढेंच कळवावें: झांकणाची जात पाहा, भार कोठें टेकतो तें पाहा, फाळका मोजा, चढवणार कोण तें ठरवा, आणि सामान आधीं भरून मग सायकली चढवा. हें सर्व झाल्यावरहि एक काम उरतें, आणि तें कोणताहि रॅक करीत नाहीं.

सप्टेंबर २०२४ मध्यें आम्ही पुन्हां ग्लेनवुडला निघालों. घरापासून वीस मैलांवर जावयांनीं न सांगतां गाडी थांबविली. नातू उतरला, त्यानें खीळ ओढून पाहिली, प्रत्येक आंकडा हालविला, प्रत्येक पट्टा ओढला, आणि मग आम्हांस म्हणाला, “आजोबा, आता तुम्ही बघा.” आम्ही उतरलों. त्यानें पाहिलेला प्रत्येक पट्टा आम्हीं पुन्हां ओढून पाहिला. आमच्यामागून मुलीनेंहि पाहिला. कोणास राग आला नाहीं.